वाक्यवैविध्याचे शिक्षण आणि मराठी वाक्याची अखेर

निबंधाच्या वहीत समासावर लिहिलेला ‘वाक्यरचनेत विविधता हवी’ हा शेरा मराठी शिकलेल्या कोणाही मनुष्यास अपरिचित नाही. शेरा बहुधा योग्यच असतो. परंतु ही विविधता वाक्याच्या कोणत्या अंगात आणावयाची, आणि तिच्या अभावी वाचकाच्या कानास नेमके काय खटकते, याविषयी तो काहीच सांगत नाही. व्याकरणाच्या तासाला जे शिकविले जाते तेही या प्रश्नाचे उत्तर नव्हे. तेथे केवल वाक्याचे मिश्र, मिश्राचे संयुक्त, होकारार्थीचे नकारार्थी आणि विधानार्थीचे प्रश्नार्थी कसे करावे याचा सराव घेतला जातो. विद्यार्थी ते शिकतो, त्याचे गुणही मिळवितो, आणि निबंध लिहावयास बसला म्हणजे पूर्वीसारखाच लिहितो. परभणीसारख्या जिल्ह्यात या अपयशाचा दोष बहुधा विद्यार्थ्याच्या बोलीवर टाकला जातो : घरी ‘मी जायलो’, ‘तू काय करायलास’ असे बोलणाऱ्या मुलाकडून प्रौढ वाक्याची अपेक्षा कशी करावी, असे म्हटले जाते. हा दोषारोप तपासून पाहणे अगत्याचे आहे. तो खोटा ठरला तर विद्यार्थ्याची जी शिदोरी उपयोगात आणावयाची, तीच शिक्षक त्याच्याकडून काढून घेत आहे, असे म्हणावे लागेल.

वाक्यांचे पृथक्करण हा विषय मराठीत आला तो इंग्रजी व्याकरणाच्या वाटेने. गोपाळ गणेश आगरकर यांचे ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ हे पुस्तक १८८८ मध्ये प्रसिद्ध झाले. उद्देश्य, विधेय, त्यांचे विस्तार, प्रधान व गौण वाक्ये ही सारी मांडणी मराठी विद्यार्थ्यांसमोर पद्धतशीर रीतीने ठेवण्याचे श्रेय या पुस्तकास द्यावे लागते. पुढे मोरो केशव दामले यांनी आपल्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त (१९११) मराठीच्या घडणीचा जो विस्तृत विचार केला, त्यानंतर या विषयास शास्त्राची भक्कम बैठक मिळाली. वाक्य उकलून पाहणे ही बुद्धीची उत्तम तालीम आहे, आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु उकलणे वेगळे आणि विणणे वेगळे. ज्या वर्षी ‘वाक्यमीमांसा’ निघाली त्याच वर्षी आगरकरांनी ‘सुधारक’ सुरू केले. त्या पत्रातील त्यांच्या निबंधांत वाक्य कधी युक्तिवादाच्या पायऱ्या चढत लांबते, कधी एका प्रश्नात संपते. ही किमया पृथक्करणाच्या कोष्टकांतून आलेली नाही. वाक्ये वादाच्या भरात लिहिली गेली. कोष्टके मागाहून कोणत्याही वाक्याची मांडता येतात. शाळांनी मात्र आगरकरांचे कोष्टक घेतले आणि वाद सोडून दिला.

कोष्टकाबरोबर एक समजूतही आली. इंग्रजी लेखनशिक्षणात विद्यार्थ्यास बजावले जाते की, प्रत्येक वाक्याचा आरंभ कर्त्याने करू नका. इंग्रजी वाक्यात कर्ता आरंभी व क्रियापद लगेच पुढे असल्यामुळे तेथे एकसुरीपणा आरंभी ऐकू येतो, म्हणून या उपदेशास काही आधार आहे. तथापि खुद्द इंग्रजीतही तो पुरता खरा ठरलेला नाही. फ्रान्सिस क्रिस्टेन्सन या अमेरिकन अभ्यासकाने १९६३ मध्ये चांगल्या समकालीन लेखकांची वाक्ये मोजून पाहिली, तेव्हा कर्त्याखेरीज अन्य पदाने आरंभ होणारी वाक्ये सुमारे चतुर्थांशच भरली. वैविध्य आरंभात नसून मुख्य विधानानंतर जोडल्या जाणाऱ्या पदबंधांत आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. मराठीत तर या उपदेशाला जागाच नाही. मराठी वाक्याचा आरंभ मुळातच मोकळा आहे. कर्ता, कर्म, स्थळ, काळ, यांपैकी काहीही प्रथम येऊ शकते, आणि विद्यार्थी ते न शिकविता आणतोही. बांधलेली आहे ती वाक्याची अखेर. तेथे क्रियापद बसते. संस्कृत शास्त्रकारांनी वाक्यत्वास आवश्यक म्हणून सांगितलेल्या आकांक्षा, योग्यता व संनिधी या तिहींपैकी पहिली, आकांक्षा, मराठीत अखेरच्या पदापर्यंत ताणून धरली जाते. तेव्हा ज्या ठिकाणी वाचकाची अपेक्षा पुरी व्हावयाची, त्याच ठिकाणी दर वेळी तोच निर्जीव शब्द आला तर कान विटतो.

उदाहरण परभणीचेच घ्यावे. शहरातील तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस दर वर्षी फेब्रुवारीत भरतो. त्यावर एखाद्या विद्यार्थ्याने पुढीलप्रमाणे लिहिले असे धरून चालू :

‘परभणीत तुराबुल हक यांचा दर्गा आहे. तेथे फेब्रुवारी महिन्यात उरूस असतो. उरुसाला खेड्यांतील लोक आलेले असतात. त्यांत हिंदू व मुसलमान दोन्ही असतात. लोकांनी दर्शन घेतलेले असते. नंतर ते बाजारात फिरत असतात. मुले पाळण्याजवळ उभी असतात.’

वाक्ये सात. सातही आरंभ वेगळे : परभणीत, तेथे, उरुसाला, त्यांत, लोकांनी, नंतर, मुले. इंग्रजी कसोटी लावली तर या परिच्छेदास पूर्ण गुण द्यावे लागतील. आणि तरीही तो वाचवत नाही, कारण सातही वाक्ये ‘असणे’ या एकाच धातूवर येऊन आपटतात. आता व्याकरणाच्या तासाला शिकविलेला उपाय करून पाहावा :

‘ज्या परभणीत तुराबुल हक यांचा दर्गा आहे, त्या परभणीत फेब्रुवारी महिन्यात जो उरूस असतो, त्याला जे लोक आलेले असतात, त्यांत हिंदू व मुसलमान दोन्ही असतात.’

व्याकरणदृष्ट्या हे निर्दोष मिश्र वाक्य आहे. कोष्टकात त्याची तीन गौण वाक्ये सुबकपणे बसतील. परंतु ‘आहे, असतो, असतात, असतात’ ही माळ जशीच्या तशी राहिली. पूर्णविरामांच्या जागी स्वल्पविराम आले एवढेच. ‘जो–तो’ची ही बांधणी मराठीच्या प्रकृतीस मान्य आहे यात संशय नाही, म्हणींतून, कायद्याच्या कलमांतून, निर्धाराच्या बोलण्यातून ती शोभते. प्रौढत्वाचे चिन्ह म्हणून ती वापरावयास शिकविणे मात्र, लहान मुलाने वडिलांचा कोट घालावा तसे आहे.

तोच मजकूर असाही लिहिता येईल :

‘फेब्रुवारीत तुराबुल हक यांच्या दर्ग्यावर उरूस भरतो. खेड्यापाड्यांतून लोक येतात. हिंदू येतात, मुसलमान येतात. दर्शन घेऊन बाजारात शिरतात. मुलांचे पाय मात्र पाळण्यापाशी अडतात.’

येथे वाक्ये लहानच राहिली आहेत. मिश्र वाक्य एकही नाही. ‘येतात’ हे क्रियापद तर लागोपाठ तीनदा आले आहे, आणि ते खटकत नाही. म्हणजे पुनरुक्ती हा दोष नव्हे; अर्थ संपल्यावरही वाक्य पुरे करण्यासाठी ओढून आणलेले क्रियापद हा दोष आहे. ‘दर्गा आहे’ हे स्वतंत्र विधान येथे गळाले, कारण ‘दर्ग्यावर’ या एका पदाने त्याचे काम केले. ‘दर्शन घेतलेले असते’ या विधानाचे ‘दर्शन घेऊन’ झाले.

हे ‘घेऊन’ मराठी गद्याच्या शिक्षणात जितके महत्त्वाचे मानले जावयास हवे तितके मानले जात नाही. धातूस ‘ऊन’ लावले की ती क्रिया मागे सरते आणि पुढील क्रियेस वाट देते. ‘दर्शन घेऊन बाजारात शिरतात’ असे लिहिणाऱ्याच्या दृष्टीने उरूस म्हणजे मुख्यतः बाजार. ‘बाजारात शिरण्यापूर्वी दर्शन घेतात’ असे लिहिणारा श्रद्धेस पुढे ठेवतो. ‘बाजारात फिरता फिरता दर्शनही घेतात’ असे म्हणणाऱ्याच्या स्वरात किंचित थट्टा आहे. तिन्ही वाक्यांतील घटना त्याच, निवाडे तीन. वाक्यपरिवर्तनाच्या प्रश्नात ‘अर्थ न बदलता’ अशी जी अट असते ती म्हणूनच फसवी आहे. ‘सर्वांनी शांत बसावे’ याचे ‘कोणीही गडबड करू नये’ असे नकारार्थी रूप करून गुण मिळतात. परंतु पहिले वाक्य प्रार्थनासभेत शोभेल, दुसरे ऐकताच गडबड चालू असल्याचा भास होतो. जेथे अर्थ खरोखर बदलत नाही तेथे रचना बदलण्याचे प्रयोजनच काय? विद्यार्थ्यास हे कधी सांगितले जात नाही की, कोणती क्रिया ‘ऊन’, ‘ताना’, ‘ल्यावर’, ‘ताच’ यांच्या स्वाधीन करावयाची आणि कोणत्या एका क्रियेस अखेरच्या पूर्ण क्रियापदाचा मान द्यावयाचा, हे ठरविणे म्हणजेच वाक्य लिहिणे. ते ठरविण्यासाठी त्याला उरूस पाहिलेला असावा लागतो, आणि त्याविषयी काही वाटलेले असावे लागते.

आता बोलीवरील आरोपाकडे वळावे. अखेरीस ‘आहे’ येणे ही बोलीची सवय आहे काय? परभणीविषयी लोकांच्या तोंडी असलेली दोन वचने या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. एक ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे, आणि दुसरे निजामी अमदानीची दखनी छटा असलेले ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ हे. पहिल्यात क्रियापद नाहीच; दोन सप्तम्या आणि दोन विशेषनामे एवढ्यावर अभिमान आणि त्या अभिमानाची थट्टा अशी दुहेरी कामगिरी झाली आहे. दुसऱ्यात ‘तर–नाही तर’ची संपूर्ण मिश्र रचना आहे, परंतु जेथे गौण आणि प्रधान वाक्याची जोडी जुळावयाची तेथे क्रियापदाऐवजी गावाचे नाव उभे केले आहे. याचे पृथक्करण करावयास सांगितले तर परीक्षार्थी अडखळेल. बोलणारा कधी अडखळलेला नाही. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ या सर्वपरिचित म्हणीतही क्रियापदावाचून काही अडत नाही. तात्पर्य, ‘आहे’ची रांग ही बोलीची देणगी नव्हे. ती लेखी मराठीची, त्यातही उत्तरपत्रिकेची, सवय आहे.

बोलीत आणखीही काही आहे. ‘उद्या येतो म्हणून गेला’ हे वाक्य मराठवाड्यात पावलोपावली ऐकू येते. शाळेत त्याचे ‘त्याने सांगितले की, तो उद्या येईल’ असे शुद्धीकरण होते. या शुद्धीकरणात काय गमावले जाते ते पाहावे. मूळ वाक्यात येण्याचे वचन आणि जाण्याची क्रिया एका दमात आहेत, बोलणाऱ्याचा ‘मी’ जिवंत आहे, आणि तो आला की नाही या विषयीचा संशय ‘गेला’ या अखेरच्या शब्दात साठला आहे. शुद्ध वाक्यात ‘गेला’ उरलेच नाही. ‘म्हणून’ची ही रचना कानडी-तेलुगूच्या शेजाराने मराठीत रुजलेली आहे, हे भाषाभ्यासकांनी दाखविलेच आहे, तिला अशिष्ट मानण्याचे कारण दिसत नाही. तीच गोष्ट क्रियापदापलीकडे पद टाकण्याची. ‘आला बाबा एकदाचा पाऊस’, ‘गेले ते दिवस’ अशा वाक्यांत अखेरची जागा क्रियापदाकडून काढून घेऊन ज्याची वाट पाहिली त्याला दिली जाते. बोलीतील प्रत्येक लकब लेखनात यावी असे येथे सुचवावयाचे नाही; ‘जायलो’ हे रूप प्रबंधात कोणी लिहिणार नाही, लिहूही नये. परंतु रूप वेगळे आणि रचना वेगळी. शाळेने रूप सुधारताना रचनाही पुसून टाकली.

या प्रदेशात हे अधिक तीव्रतेने घडले असल्यास त्याचे कारण इतिहासात आहे. हैदराबाद संस्थानात माध्यमिक व उच्च शिक्षण मुख्यतः उर्दूतून होते. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमच उर्दू होते. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाल्यावर मराठी ही परभणीत शिक्षणाची सर्वांगीण भाषा होऊ लागली, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १९५८ मध्ये औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ निघाले. ज्या पिढीने एकाएकी मराठीतून शिकवावयास आरंभ केला तिच्या हाती पुण्या-मुंबईकडे घडलेली व्याकरणे आणि निबंधांचे नमुने होते, आणि तिने ते निष्ठेने वापरले. त्या नमुन्यांत विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ची (१८७४) सावली अजून होती. चिपळूणकरांचे पल्लेदार वाक्य हे त्यांच्या आवेशाचे आणि इंग्रजी गद्यकारांच्या वाचनाचे अपत्य आहे. आवेशावाचून ते उचलले की केवळ पल्ला उरतो. लांब ते प्रौढ आणि तोकडे ते बालिश, ही कसोटी येथूनच रूढ झाली असावी.

ती कसोटी मराठी गद्याच्या पहिल्या मोठ्या ग्रंथासच लावली तर नापास ठरते. म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’तील वाक्ये बहुतेक आखूड आहेत. संवाद झटपट उलटतात, प्रसंग चारदोन वाक्यांत उभा राहून मिटतो. ते गद्य पोरकट आहे असे कोणी म्हणणार नाही. पदव्युत्तर वर्गात ते अभ्यासास असते, परंतु महानुभाव तत्त्वज्ञान आणि यादवकालीन समाजस्थिती यांची साधनसामग्री म्हणून. त्यातील वाक्ये कोठे थांबतात आणि तेथेच का थांबतात, हा प्रश्न परीक्षेस येत नाही.

परभणीपुरते बोलावयाचे तर बी. रघुनाथ यांचे उदाहरण सर्वांत जवळचे. तत्कालीन परभणी जिल्ह्यातील सातोना येथे १९१३ मध्ये जन्मलेल्या आणि १९५३ मध्ये अकाली निवर्तलेल्या या लेखकाचे आयुष्य उर्दू कारभाराच्या राज्यात कारकुनी करण्यात गेले. कविता, कथा आणि कादंबरी या तिन्ही प्रकारांत त्यांनी मराठीत लेखन केले. पुणेरी निबंधाच्या वर्गात त्यांचे वाक्य घडलेले नाही. त्यांच्यावरील लेखनात आशय, प्रदेश, काळाचे भान यांची चर्चा पुष्कळ होते. ‘आडगावचे चौधरी’मधील दहा-वीस पृष्ठे घेऊन प्रत्येक वाक्याच्या अखेरच्या शब्दाची नोंद करावी आणि ती समकालीन पुणे-मुंबईच्या कादंबरीशी ताडून पाहावी, असे काम एखाद्या विद्यार्थ्याने अंगावर घेतल्यास ते एम.ए.च्या प्रकल्पास पुरेसे होईल. आणखी पुढे येऊन, ‘आलोक’ या कथासंग्रहास २०१६ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळालेले आसाराम लोमटे यांच्या कथांतही ते करता येईल. असे मोजमाप हे रसग्रहणाला मारक आहे, असे म्हणणाऱ्यांनी ते एकदा करून पाहावे.

शिकविण्याच्या रीतीविषयी बाहेरचा अनुभवही उपयोगी आहे. सुट्या व्याकरणशिक्षणाने लेखन सुधारत नाही, हा निष्कर्ष अमेरिकेत १९६३ मध्येच ब्रॅडॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला होता. २००७ मध्ये ग्रॅहम आणि पेरिन यांनी अनेक प्रयोगांचे एकत्र परीक्षण केले तेव्हा तो पुन्हा दिसून आला. उलट लहान लहान विधाने देऊन ती विद्यार्थ्यांकडून जोडवून घेण्याच्या सरावाने लेखनात निश्चित सुधारणा आढळली. हे प्रयोग इंग्रजी लिहिणाऱ्या मुलांवरील आहेत, आणि इंग्रजीत विधाने जोडावयाची म्हणजे काय व मराठीत म्हणजे काय, यांत वर दाखविलेले अंतर आहे. ती रीत जशीच्या तशी आणली तर पुन्हा ‘ज्या परभणीत’ हेच हाती येईल. मराठीत तिचा उपयोग एका बदलाने करता येईल : सात विधाने द्यावीत, ती जोडावयास सांगावे, आणि प्रत्येक वाक्याची अखेर कोणत्या क्रियेस दिली व का, हे विद्यार्थ्याकडून तोंडी वदवून घ्यावे. तास संपेपर्यंत दोनच परिच्छेद होतील. अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई असलेल्या शिक्षकास हे परवडणार नाही, ही अडचण खरी आहे.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे, कारण ती विद्यापीठातीलच आहे. जो विद्यार्थी शाळेत ‘आहे’च्या रांगा लावून येतो, त्याला येथे त्याहून लांब रांग शिकविली जाते. ‘प्रस्तुत प्रकरणात ग्रामीण कादंबरीचा आढावा घेण्यात आलेला आहे’, ‘या ठिकाणी लेखकाने वास्तवाचे चित्रण केलेले आहे असे दिसून येते’ अशी वाक्ये कोणत्याही प्रबंधाच्या कोणत्याही पानावर सापडतात. ‘घेण्यात आलेला आहे’ या तीन अंगांच्या क्रियापदात कर्ता लपला आहे. ‘असे दिसून येते’ म्हणताना कोणास दिसले हे सांगावे लागत नाही. ही भाषा इंग्रजी कर्मणी प्रयोगाच्या सरकारी अनुवादातून कचेरीत आली आणि कचेरीतून विभागात. तिला शास्त्रीय तटस्थतेचे नाव मिळाले आहे. मार्गदर्शकाची वाक्येच अशी असतील तर विद्यार्थ्याने ‘चित्रण केले’ एवढ्यावर थांबण्याचे धाडस कोठून आणावे? तो थांबलाच, तर वाक्य अपुरे वाटते म्हणून त्यापुढे ‘आहे’ लिहून ते त्याला परत दिले जाते. आणि ‘उद्या येतो म्हणून गेला’ असे सहज बोलणारा तो विद्यार्थी पुढच्या वेळी ‘येण्याबाबत सूचित करून प्रस्थान करण्यात आले आहे’ असे लिहून आणतो.